सातव्या डावातली पेन्सिल

ड्वेनकाका ही गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी टोपी काढतात. नऊ दिवसांत त्यांनी ती चाळीस वेळा तरी सांगितली असेल. चर्चच्या पायऱ्यांवर सांगितली, न्हाव्याकडे सांगितली, रेडिओवाल्यांना फोन लावून सांगितली. आता जाजाला ज्या पुनर्वसन केंद्रात ठेवलंय तिथं रोज एखादी नवीन नर्स पकडतात.

गोष्ट अशी. माझा आजोबा, म्हणजे जाजा, चौतीस वर्षं हेरन्स ही आमची बेसबॉल टीम फायनलला जायची वाट बघत होता. सेमीफायनलची पाचवी मॅच. नववा डाव, दोन आउट. शेवटचा फटका बसला, आमचा माणूस घसरत होम प्लेटवर आला, आपण जिंकलो. आणि त्याच क्षणी जाजाच्या डोक्यात गुठळी अडकली.

"आनंद मावला नाही हो," काका म्हणतात. "माणसाला काही व्हायचंच असेल ना, तर ते असं व्हावं."

मग टोपी काढतात. ऐकणारी नर्स छातीवर हात ठेवते.

हे खोटं आहे. काका खोटारडे नाहीत, त्यांना माहीत नाही एवढंच. माहीत मला आहे.

आम्ही मॅच गॅरेजमध्येच बघतो. घरात मोठा टीव्ही आहे, पण घरात बघितली की आपण हरतो, असं जाजाचं म्हणणं. गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांच्या फळीवर छोटा टीव्ही, एक म्हातारा फ्रीज, पायाशी हीटर. घडीच्या दोन खुर्च्या, एक जाजाची, एक माझी. ड्वेनकाका शेजारच्या घरातले. त्यांना लांबचं नीट दिसत नाही, म्हणून ते बर्फाच्या पेटीवर बसतात, टीव्हीला नाक लावून, आमच्याकडे पाठ करून. आपण मागे पडलो की ते टोपी उलटी करून अस्तर बाहेर काढून घालतात. अख्खं स्टेडियम तसंच करतं, त्यात नवल काही नाही.

नियम एकच. आपले लोक बेसवर असले की कोणीही खुर्ची सोडायची नाही.

चौतीस वर्षांपूर्वी फायनलच्या शेवटच्या मॅचला, नवव्या डावात, आपले दोघं बेसवर असताना आमची बुशा, म्हणजे आजी, पिएरोगी, आमच्या पोलिश करंज्या, करपतील म्हणून चुलीकडे गेली. हरलो. बुशा वारली, पण तो डाव अजून तिच्याच नावावर आहे. दर ऑक्टोबरमध्ये जाजा तिच्या थडग्यावर फुलं ठेवतो आणि म्हणतो, "करपू द्यायच्या होत्यास गं."

मी दहा वर्षांची होईपर्यंत मला गॅरेजमध्ये प्रवेश नव्हता. मी एका जागी बसूच शकायची नाही. शाळेतही तेच झालं. अकरावीत एका मास्तरनं मला तिसऱ्यांदा सांगितलं की टेडी, पाय हलवणं बंद कर. मी दप्तर उचललं आणि चालू पडले ती परत गेलेच नाही. आता सकाळी बेकरीत ट्रे धुते. उभ्याचं काम आहे, बरं वाटतं. लोरेटा आत्या म्हणते, या पोरीच्या अंगात मुंग्या भरल्यात. जाजा म्हणायचा, राहू दे गं, गॅरेजमध्ये बसते ना.

बसायचे. तिथं बसायचे मी.

आणि जाजाची वही. एक्केचाळीस वर्षं तो प्रत्येक मॅच वहीत उतरवतो. खेळाडूंची नावं, प्रत्येकाच्या नावापुढे चौकोन, चौकोनात त्यानं काय केलं त्याची खूण. मैदानावरच्या नऊ जणांना नऊ आकडे असतात. पिचर एक, कॅचर दोन, तिसऱ्या बेसवरचा पाच, असं. बॉल कोणाकडून कोणाकडे गेला ते आकड्यांत लिहितात. समासात जाजाचं स्वतःचं काहीबाही असतं: वारा तळ्याकडून. ड्वेनचा कुत्रा गेला. टेडीचा दात पडला. कारखान्यात तीस वर्षं काचा मोजलेल्या माणसाचं अक्षर, एकेक आकडा छापल्यासारखा. त्या पेन्सिलीला कोणी हात लावायचा नाही. बुशालासुद्धा कधी दिली नव्हती.

तर सातवा डाव. आपण पाच-एकनं मागे. आपली बॅटिंग सुरू व्हायची होती. टीव्हीच्या कोपऱ्यात वेळ पाच वीस.

"हात झोपला," जाजा म्हणाला.

"कुठला?"

"उजवा. लिहायचा."

"मग झटक ना."

त्यानं डाव्या हातानं उजवा उचलून झटकला. पेन्सिल पडली. मी बुटानं ओढून घेतली आणि दिली. परत पडली. मी म्हटलं, म्हाताऱ्या, बिअर किती झाल्या? एकच झाली होती, मलाही दिसत होतं. मग त्यानं वही माझ्या मांडीवर सरकवली.

"तू लिही."

मी त्याच्याकडे बघितलं. थट्टा करतोय का ते बघायला. थट्टा करत नव्हता.

एक्केचाळीस वर्षांत कोणाला न दिलेली पेन्सिल. मला वाटलं, आज त्यानं मला मोठं मानलं. शाळेनं मला कधी कसलं सर्टिफिकेट दिलं नाही, पण हे मिळालं. मी पाठ ताठ करून बसले. त्याचा हात मांडीवर मेल्या माशासारखा पडला होता आणि मी चौकोन बघत होते.

पहिला माणूस चार बॉलवर फुकट बेसवर गेला. मी लिहिलं. दुसऱ्यानं तिसऱ्या बेसच्या दिशेनं जमिनीवरून मारला, बॉल पार निघून गेला. दोघं बेसवर. ड्वेनकाकांनी टोपी आणखी घट्ट ओढली. मी हिट अशी खूण केली. जाजा डाव्या हाताचं बोट वहीवर आपटायला लागला.

"पा," तो म्हणाला. "पा..."

"काय ते नंतर. बघ ना तिकडे."

मी वही दुसऱ्या मांडीवर घेतली.

मग तो उठायला लागला. डाव्या हातानं खुर्चीची दांडी धरून. तोंडातून काहीतरी आलं, "आत" असं काहीतरी, शब्द ओला झाल्यासारखा. आणि मला राग आला. मला पटकन येतो. दहा वर्षांची होईपर्यंत ज्यानं मला पाय हलवते म्हणून बाहेर ठेवलं, तोच दोघं बेसवर असताना उठतोय.

"जाजा, बस. तुझाच नियम आहे."

तो थांबला नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली ढकललं.

तो बसला. हलका लागला हाताला. इतका हलका की माझाच हात दचकला. तेवढ्यात पुढच्या बॉलवर होमरन गेला, तीन धावा, पाच-चार, आणि मी त्या दचकण्याचं पुढे काही केलं नाही.

नववा डाव साऱ्या शहराला पाठ आहे, मी काय सांगू. दोन आउट. एक जण पोचला, मागून दोन बेसचा फटका, बरोबरी. मग तो शेवटचा, दुसऱ्या बेसच्या डोक्यावरून. टीव्हीवर अजून दिवसाला दहा वेळा दाखवतात. मी तो बघते तेव्हा अजून अंगावर काटा येतो. खरंच येतो. आणि काटा बसायच्या आत मी चॅनल बदलते. लोक विचारतात, काय गं, आपली टीम फायनलला गेली नि तुझं तोंड असं का? मी काय सांगू, की मला आनंद झालाच होता. तोच तर त्रास आहे. आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता. मी वही छातीशी धरून रस्त्यावर धावले. लोक पातेली बडवत होते. कोणीतरी सेंट कासिमिर चर्चची घंटा वाजवत होतं. अनोळखी माणसानं मला उचलून गोल फिरवलं. सात मिनिटं. नंतर हिशोब केला मी, सात मिनिटं मी बाहेर नाचत होते.

परत आले तर ड्वेनकाका म्हणाले, "बघ, म्हातारा रडतोय."

जाजाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ओठाच्या उजव्या कोपऱ्याला शेंगदाण्याचं टरफल चिकटलं होतं आणि तो ते काढत नव्हता.

लोरेटा आत्या पोस्टातून सुटून, गणवेशातच, आपल्या बापाला मिठी मारायला आली. गॅरेजच्या दारात थांबली.

"त्याचं तोंड बघितलं का कोणी?"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनं विचारलं, शेवटचा ठीक कधी होता? गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, वेळ नक्की सांगा.

"जिंकलो तेव्हा," काका म्हणाले. "सहा पस्तीस. मी डोळ्यांनी बघितलं."

डॉक्टरनं लिहून घेतलं. मी बूट बघत होते. उजव्या बुटाच्या टोकाला पेन्सिलीची काळी रेघ होती.

औषध वेळेत बसलं म्हणे. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, इतक्या लवकर देऊनसुद्धा जेवढा फरक पडायला हवा होता तेवढा पडला नाही, नवल आहे. आत्यानं मान हलवली. नंतर मी फोनवर शोधलं. दर मिनिटाला मेंदूतलं किती काय मरतं त्याचा आकडा तिथं लिहिलेला आहे. गणितात मी नापास, पण तेवढा गुणाकार केला. पंचाहत्तरनं, पाच वीस ते सहा पस्तीस. परत केला. तेवढाच आला.

जाजाचा उजवा हात गेला, उजवा पाय ओढतो. बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय. "पाच." भूक लागली, पाच. टीव्ही लावा, पाच. बोलणं शिकवणारी बाई म्हणते, असं होतं, एखादाच शब्द वाचतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. काका म्हणतात, अर्थ नाही कसा, पाचवी मॅच.

पण काका गोष्ट सांगायला लागले की जाजा खवळतो. डाव्या हातानं खुर्चीची दांडी बडवतो, पाच, पाच, पाच. सगळ्यांना वाटतं, आठवणीनं अंगात येतं. मी बघितलंय, तो तेव्हा काकांकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो.

आणि मग टीमच्या ऑफिसातून आत्याला फोन आला. रेडिओवरची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. शनिवारी दुपारी फायनलची तिसरी मॅच, पहिली घरच्या मैदानावरची. आमची बाई येईल, जाजाला खेळाडूंच्या सह्यांचा शर्ट देईल. आणि ती वही, पाचव्या मॅचची, आम्हाला मिळेल का? स्टेडियमच्या दाराशी काचेच्या पेटीत ठेवू. कायमची.

आत्या फोन ठेवून रडली. त्या रात्रीपासून पहिल्यांदा.

"वही कुठेय गं?"

"गॅरेजमध्ये असेल."

"शोध. शनिवारी आणच."

वही माझ्या गादीखाली होती. मी ती कोणाला दाखवलीच नव्हती, कारण ती उघडणाऱ्याला काही सांगायची गरजच नव्हती. सहाव्या डावापर्यंत छापल्यासारखे आकडे. सातव्याच्या पहिल्या अर्ध्यात आकडे चौकोनाच्या बाहेर गळायला लागतात, एक तर पार खालच्या ओळीत घसरलेला. आणि दुसऱ्या अर्ध्यापासून माझे कोंबडीचे पाय. आत्या पत्रांवरची अक्षरं वाचून पोट भरते. एका नजरेत ओळखेल.

शुक्रवारी बेकरीतून आल्यावर मी खोडरबर घेतला. पावाच्या पिशव्यांवर त्याचे आकडे गिरवायला बसले. त्याचा चार वरून उघडा असतो, सातला मध्ये आडवी रेघ असते. तासाभरात जमायला लागलं. वाईट म्हणजे चांगलं जमलं. मीच फसेन इतकं चांगलं. सातव्या डावापासून सगळं पुसून त्याच्या हातानं लिहायचं, दोन तासांचं काम. म्हणजे मग ड्वेनकाकांची गोष्ट खरी. काचेच्या पेटीत खरी, कायमची खरी.

मी एक चौकोन पुसायला रबर टेकवला आणि मला तो हलका खांदा आठवला. मी रबर खिडकीबाहेर फेकला. शेजाऱ्याच्या मांजराला लागला. मग खाली जाऊन तो शोधत बसले, का कोण जाणे. सापडला. खिशात टाकला.

शनिवारी केंद्राच्या बैठकीच्या खोलीत आम्ही टीव्हीसमोर बसलो. चाकाच्या खुर्च्यांमध्ये सात-आठ म्हातारे, निम्मे झोपलेले. आत्यानं सॉसेज भरलेले पाव आणले होते. काकांची टोपी आधीच उलटी, मॅच सुरू व्हायला वीस मिनिटं असताना.

"अजून हरायला लागलो नाही आपण," मी म्हटलं.

"तयारीत असावं, पोरी."

टीमची बाई आली, हिरवा कोट, दात फार पांढरे. नाव कॅरिन. जाजाच्या मांडीवर शर्ट पसरला, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली, सगळं नीट केलं. मला वाटलं होतं मला तिचा राग येईल, आला नाही. तिनं फोन उभा धरला आणि काकांना म्हणाली, "तुम्ही रेडिओवर सांगितलंत ना, तसंच सांगा. आज दोन डावांच्या मध्ये मोठ्या पडद्यावर दाखवू."

काकांनी घसा साफ केला.

"चौतीस वर्षं हा माणूस..."

जाजानं दांडीवर हात आपटला. "पाच."

"पाचवी मॅच," काका बाईला म्हणाले. "बघा, त्याला सगळं कळतंय. तर नववा डाव, दोन आउट..."

"पाच. पाच."

तो माझ्याकडे बघत होता. डावा डोळा चांगला आहे त्याचा, उजवी पापणी अर्धी उतरलीय. त्या एका डोळ्यात तो सगळा होता, आणि त्याच्या जागी थोड्या वेळानं चाळीस हजार लोकांसमोर काका बोलणार होते.

"थांबा," मी म्हटलं. "असं झालेलं नाही."

"म्हणजे काय?" काका हसले. "मी होतो की तिथं."

"तुम्ही टीव्हीला नाक लावून होता. पाठ होती तुमची."

"टेडी," आत्या म्हणाली, "आत्ता नको."

मी जाकिटातून वही काढली. पान उघडून आत्याच्या हातात दिली. सांगायचं असं काही ठरवलं नव्हतं मी, पण आत्याचे डोळे सहाव्या डावावरून सातव्यावर गेले आणि तिथं थांबले, आणि मग मला सगळं सांगायला लागलं. हात झोपला म्हणाला ते. पेन्सिल दोनदा पडली ते. मला दिली ते, आणि मला काय वाटलं ते.

"मग उठत होता तो. काहीतरी बोलला. मी खाली बसवलं."

"बसवलं म्हणजे?"

"खांद्याला धरून. ढकललं."

टीव्हीवर कोणीतरी राष्ट्रगीत म्हणत होतं. कॅरिनचा फोन केव्हा खाली आला मला कळलं नाही.

"उठत होता," आत्या म्हणाली. "नक्की उठत होता?"

"हो."

"किती वाजता?"

"पाच वीस. पाच पंचवीस असतील."

"आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा तू तिथं होतीस."

"होते."

"बूट बघत होतीस. मला आठवतंय. मला वाटलं, पोर घाबरलीय." तिनं पावाचा कागद दुमडला, परत दुमडला, एवढासा होईपर्यंत. "मी तुला पाणी आणून दिलं होतं."

काकांनी टोपी काढली. या वेळी गोष्टीसाठी नाही. "लोरेटा, पोर आहे अगं, आणि नियम तर त्याचाच..."

"ड्वेन, तू गप्प बस."

आत्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मला मार कळतो. तिनं वही माझ्यापुढे धरली.

"लिही."

"काय?"

"हेच. समासात. वारा लिहितो, कुत्रा मेला ते लिहितो, तुझा दात लिहिलाय त्यानं. हेही लिही. वेळेसकट."

पेन्सिल वहीच्या कण्यातच होती. मी लिहिलं. पाच वीस. जाजाचा उजवा हात गेला. उठत होता. मी बसवलं. टेडी. सगळ्यांसमोर लिहायला वेळ लागला. कोपऱ्यातली एक म्हातारी जागी झाली आणि तिनं विचारलं, "किती झाले?"

कॅरिन उठली. आत्याला हळूच म्हणाली, शर्ट राहू द्या, वहीचं तुम्ही नंतर ठरवा, घाई नाही. चांगली होती बाई. जाताना दार आवाज न करता लावलं.

मी वही जाजाच्या मांडीवर ठेवली. त्याची आहे, म्हणून. त्यानं डाव्या हाताचं बोट पानावर टेकवलं, समासात नाही, आत. ओळीवरून सरकवत सातव्या डावावर आणलं. माझ्या अक्षरातल्या दुसऱ्या चौकोनावर.

"पाच," तो म्हणाला.

मी बघत राहिले. माझी हिटची खूण होती तिथं. तिसऱ्या बेसच्या दिशेनं जमिनीवरून गेलेला तो बॉल. आणि मला तो परत दिसला, पण या वेळी सावकाश. तिसऱ्या बेसवरच्यानं बॉलला हातमोजा लावला होता. बॉल त्याच्या दोन पायांमधून गेला होता. हिट नव्हतीच ती. चूक होती, त्या फिल्डरची. पाच नंबरची. चूक झाल्याची खूण करून पुढे पाच लिहायला हवं होतं. त्याचं अर्धं डोकं बंद पडत होतं तेव्हासुद्धा त्याला दिसलं होतं, आणि मी वही दुसऱ्या मांडीवर घेतली होती.

खिशातून रबर काढला. पुसलं. चूक झाल्याची खूण, इंग्रजी ई, लिहिली, पुढे पाच. त्याच्या अक्षरात नाही, माझ्याच.

जाजाच्या घशातून एक आवाज आला, थंडीत गाडी एकदाची सुरू व्हावी तसा.

"एवढंच?" काका म्हणाले. "नऊ दिवस एवढ्यासाठी बडवत होता?" त्यांना हसू आलं आणि मग आत्याचं तोंड बघून गेलं.

मला हसू आलं नाही. एवढंच होतं की नाही मला माहीत नाही. एका शब्दात माणूस काय काय कोंबत असेल. वहीचा राग असेल, माझा असेल, खांद्याचा असेल. तो आता माझ्याकडे बघत नव्हता, टीव्हीकडे बघत होता. आत्या खुर्ची उचलून त्याच्या पलीकडे जाऊन बसली, म्हणजे आमच्या दोघींच्या मध्ये तो आला.

मॅच सुरू झाली. मी लिहीत होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी नको म्हटलं नव्हतं. चौथ्या डावात आपण दोन-शून्यनं मागे आणि बेस तिन्ही आपल्या लोकांनी भरलेले. झोपलेले म्हातारेही जागे झाले होते. काका पुढे वाकले, टोपीची किनार दोन्ही मुठींत.

जाजानं डावा हात वर केला. दाराकडे बोट केलं. "पाच."

"आत्ता?" काका म्हणाले. "अरे बाबा, बेस भरलेत, दोन मिनिटं..."

आणि स्वतःचंच वाक्य ऐकून ते थांबले. मान खाली घातली.

मी पेन्सिल वहीत ठेवली आणि उठले. तेवढ्यात पिचरनं बॉल टाकायला हात मागे नेला होता, ते मला दिसलं, पुढचं दिसलं नाही. मी जाजाच्या उजव्या बाजूला गेले, काखेत खांदा घातला. आत्या डाव्या बाजूला आली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं. दोघींनी मिळून त्याला उभं केलं आणि बोळातून संडासाकडे निघालो, एक पाऊल, मग ओढलेलं पाऊल, मग एक पाऊल.

मागून खोलीत एकदम मोठा आवाज झाला. सगळे म्हातारे एकाच वेळी ओरडले. चांगलं झालं की वाईट, भिंतीपलीकडून कळत नव्हतं. जाजा थांबला. माझ्याकडे वळला.

"पाच?"

"माहीत नाही, जाजा. मी बघितलं नाही."

मग त्यानं सगळा भार माझ्या अंगावर टाकला. उजव्या बाजूनं तो आता जड आहे, ओल्या पोत्यासारखा. मी पाय रोवले आणि धरून उभी राहिले.